इत्यादीपूर्वीचा स्वल्पविराम

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत लिहिताना फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. पण पहिलं काम एकट्याच्या गळ्यात पडतं आणि दुसऱ्याला माणसं कधी कमी पडत नाहीत. वेलांटीसाहेबांना हे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. तोवर ते सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनच्या पलीकडच्या टेबलाशी बसून इतरांचे शब्द तपासत होते आणि एकंदरीत सुखी होते.

त्यांचं खरं नाव केंद्रात फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. हुद्दा भाषा अधिकारी. पडद्यावर जाणारी प्रत्येक ओळ आधी त्यांच्या लाल पेनाखालून जायची. एकदा एका श्रद्धांजलीच्या मजकुरात वेलांटी चुकली म्हणून त्यांनी अख्खी श्रद्धांजली सात मिनिटं रोखून धरली होती. ज्यांना वाहायची होती त्यांना घाई नव्हती, पण तेव्हाच्या संचालकांना होती. त्या दिवसापासून सगळे त्यांना वेलांटीसाहेब म्हणू लागले. साहेबांना ते मनातून आवडलंही होतं, फक्त तसं त्यांनी कधी दाखवलं नाही.

खुपत होतं ते वेगळंच. एकतीस वर्षांत लाखो शब्द त्यांच्या हाताखालून पडद्यावर गेले, पण त्यांचा स्वतःचा म्हणावा असा एकही गेला नाही. आणि सभांच्या इतिवृत्तात तर त्यांचा हुद्दासुद्धा येत नसे. तिथे लिहिलेलं असायचं, ‘उपस्थित : संचालक, उपसंचालक, मुख्य अभियंता, विधी अधिकारी इत्यादी.’ सभेला माणसं पाच. त्यामुळे इत्यादी म्हणजे कोण याबद्दल शंकेला जागाच नव्हती. हे इतिवृत्त पुन्हा तपासायला त्यांच्याकडेच येई. त्यात स्वतःचं नाव घुसडणं त्यांच्या स्वाभिमानात बसत नव्हतं. कारकुनाने इत्यादीच्या आधी स्वल्पविराम दिला असेल तर तेवढा ते खोडत आणि सही करून परत पाठवत. या स्वल्पविरामाबद्दल त्यांनी एक परिपत्रकही काढलं होतं : ‘इत्यादीपूर्वी स्वल्पविराम देऊ नये. दिल्यास इत्यादी ही यादीतील स्वतंत्र वस्तू ठरते.’ ते प्रत्येक विभागात कॅलेंडरच्या मागे टांगलेलं होतं.

अशात नव्या संचालिकाबाई आल्या. त्या आधी बिस्किटांच्या कंपनीत होत्या आणि नाव बदलल्यावर तेच बिस्कीट दुप्पट खपतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. केंद्राच्या वाहिन्या तीन : एक, दोन आणि तीन. पहिल्याच सभेत बाईंनी विचारलं की आपण मुलांना एक, दोन, तीन अशा हाका मारतो का. उपसंचालकांना चार मुलं होती आणि घाईच्या वेळी ते जवळपास तसंच करत, पण त्यांनी मान आडवी हलवली. बातम्यांच्या एक क्रमांकाला आणि खेळांच्या दोन क्रमांकाला बाईंनी येतानाच नावं आणली होती. उरला तीन. त्यावर नेमकं काय लागतं हे बाईंना दोनदा सांगून झालं तरी त्यांच्या लक्षात राहत नव्हतं.

“तीनचं नाव तुम्ही द्या,” त्या वेलांटीसाहेबांना म्हणाल्या. “पाच नावं आणा. त्यातलं एक घेऊ.”

साहेबांनी वहीत ‘पाच नावे’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि आपला एक शब्द, एकच का होईना, घरोघरच्या पडद्यावर कोपऱ्यात दिवसभर चमकत राहील, या कल्पनेने त्यांना त्या दुपारी एकही चूक सापडली नाही.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट बायकोला सांगितली, आणि हीच त्यांची पहिली चूक. बायकोने ती विश्वासाने तळमजल्यावरच्या निवृत्त भूमापकांच्या कानावर घातली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी साहेबांचा हात हातात घेतला आणि या वयातही देवाने दिलं, आनंद आहे, म्हणाल्या. नाव ठेवायचंय एवढंच त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. हा गैरसमज दूर करायला साहेबांना चार दिवस लागले आणि चौथ्या मजल्यावरचे लोक तर अजूनही त्यांच्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहतात.

मग सल्ल्यांना ऊत आला. भूमापकांचं म्हणणं, नावात अक्षरं विषम हवीत, सम अक्षरांची जमीन त्यांनी आयुष्यभर भांडणात अडकलेली पाहिली होती. अक्षरांचा आणि जमिनीचा संबंध विचारल्यावर ते म्हणाले, अनुभवाचा आहे. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी मुद्दा काढला की नाव तोंड उघडं ठेवूनही उच्चारता आलं पाहिजे, आणि तपासून द्यायची तयारीही दाखवली. त्यांनी खरोखर तीन दिवस पेशंटांच्या तोंडात आरसा घालून त्यांच्याकडून ‘मैत्री’ म्हणवून घेतलं. निकाल चांगला नव्हता. साहेबांचा मेहुणा पाट्या रंगवण्याचा धंदा करायचा. त्याने कुणाला न विचारता ‘पालवी’ असा पाच फुटी बोर्ड रंगवून आणला आणि तो घरात कुठेच मावेना म्हणून पलंगाखाली सरकवून गेला.

या सगळ्यात सासूबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्या मुलीकडे राहायला येऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या सहाही वर्षांत त्यांनी तीन क्रमांकाशिवाय काही पाहिलं नव्हतं. केंद्राकडे तीनच्या प्रेक्षकांचा जो आकडा होता त्यात सासूबाई धरलेल्या होत्या की सासूबाईंवरूनच तो काढला होता, अशी शंका साहेबांना कधी कधी येई.

दहा दिवसांनी साहेब पाच नावं घेऊन गेले. ओंजळ, पालवी, झरोका, मैत्री, गोष्ट. अक्षर सुरेख, कागद जाड. मुख्य अभियंत्यांनी तो कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि यातलं एकही चालणार नाही म्हणाले.

कारण तांत्रिक होतं. एक आणि दोनला नवी यंत्रं आली होती, तीनला त्यांची उतरलेली. जुन्या यंत्रावर कोपऱ्यातल्या नावाच्या चौकटीचा वरचा काठ कापला जायचा. आजवर तिथे नुसता ३ असायचा, त्याचं थोडं टाळकं उडालं तरी कुणाला कळत नव्हतं. पण नाव आलं तर शिरोरेघेच्या वरचं सगळं जाणार. अभियंत्यांनी लगेच कागदावर पट्टी ठेवून दाखवलं. ओंजळचं आजळ झालं, पालवीचा पालवा, झरोक्याचा झराका, मैत्रीची मत्रा आणि गोष्टीची गाष्ट. संचालिकाबाईंनी ‘गाष्ट’ दोनदा म्हणून पाहिलं आणि नाही म्हणाल्या.

“डोक्यावर काही नको,” अभियंता म्हणाले. “मात्रा नको, टिंब नको, वेलांटी तर मुळीच नको.”

शेवटचा शब्द बोलताना ते साहेबांकडे पाहून हसले की काय, हे साहेबांना रात्रभर ठरवता आलं नाही.

पुढचे आठ दिवस त्यांनी बिनडोकाचे शब्द शोधण्यात घालवले. मराठीत असे शब्द भरपूर आहेत, पण वाहिनीला द्यावेत असे फार थोडे. अडगळ, गळफास, दगड, खरखर, कटकट, मरगळ. पहिले सहा हे असे निघाले. बायकोने पलंगाखालच्या पाटीची आठवण करून दिली. भूमापकांनी जिन्यात अडवून ठरलं का विचारलं आणि साहेबांनी मात्रा चालत नाहीत म्हटल्यावर, मात्रेपेक्षा काढा बरा, असं सांगून ते चालते झाले. सहा शब्दांनंतर मात्र साहेबांना सूर सापडला आणि सहवास, पहाट, नवल, बहर अशी चार नावं एका बैठकीत मिळाली. पाचवं काही केल्या येईना.

सभेच्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत पाचवं आलं नाही. टिपण तर टाइप होऊन जायला हवं होतं. चारच नावं दिली तर बाई म्हणणार, पाच सांगितली होती. तेव्हा वेलांटीसाहेबांनी तेच केलं जे अडचणीत सापडलेला कुठलाही लेखक करतो. आपल्यापाशी आणखी पुष्कळ आहे असा आव आणला. त्यांनी लिहिलं : ‘तिसऱ्या वाहिनीसाठी सहवास, पहाट, नवल, बहर, इत्यादी नावांचा विचार व्हावा.’ घाईत होते, झेरॉक्सवाला डोक्यावर उभा होता, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात घसरला. बहरनंतर स्वल्पविराम पडला.

सभेत टिपण वाचलं गेलं. बाईंनी बोटांवर नावं मोजली, पाच भरली, आणि चर्चा सुरू झाली. सहवास नावाची गाद्यांची कंपनी आधीच नोंदलेली आहे, असं विधी अधिकारी बाईंनी सांगितलं. पहाट ठेवायला हरकत नव्हती, पण तीनचे कार्यक्रम सकाळी अकराला सुरू होत. नवल ठेवलं तर लोक नुसतं ‘काय नवल’ म्हणतील, अशी भीती उपसंचालकांना वाटली. बहर घाईत बहिरा ऐकू येईल, यावर एकमत झालं. इथे मुख्य अभियंत्यांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले.

“इत्यादी,” संचालिकाबाई म्हणाल्या. त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला. “हे वेगळं आहे. तुम्हांला सुचलं कसं?”

वेलांटीसाहेबांना चूक त्याच क्षणी दिसली. ती सांगायला त्यांनी तोंड उघडलंही, पण त्यात बिस्कीट होतं. बाई सभेला जुन्या कंपनीतली बिस्किटं ठेवत आणि ती चांगली जाड असत. ते गिळून होईपर्यंत विधी अधिकारी बाईंनी हे नाव कुणीही नोंदलेलं नाही आणि कुणी नोंदेल असंही वाटत नाही असा निर्वाळा दिला होता. उपसंचालकांना हरकत सापडली नाही आणि कारकुनाने ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहून खाली रेघ ओढली होती.

त्या संध्याकाळी वेलांटीसाहेब घरी निघाले. नाव आपलंच होतं आणि नव्हतंही. पडद्यावर आपला शब्द यावा असं वाटलं होतं, तर आली आपली चूक. तीही कुठली, तर जिच्यावर आपण परिपत्रक काढलं ती. रात्री जेवताना त्यांनी ठरवलं की लेखी कबुली द्यायची. लोक हसतील, हसू देत.

सकाळी त्यांनी अर्ज लिहिला : ‘टिपणात बहर या शब्दानंतर अनवधानाने स्वल्पविराम पडला आहे. तो रद्द समजून नावाचा फेरविचार व्हावा.’ अर्ज उपसंचालकांकडे गेला. उपसंचालक कुठल्याही कागदावर स्वतः निर्णय घेत नसत, त्यांची बढती त्यावरच झाली होती. त्यांनी शेरा मारला : ‘प्रकरण भाषिक स्वरूपाचे आहे. भाषा अधिकाऱ्यांचे मत घेऊन सादर करावे.’ दुसऱ्या दिवशी शिपायाने फाइल आणून वेलांटीसाहेबांच्या टेबलावर ठेवली आणि पोच म्हणून सही मागितली.

आता स्वल्पविराम चूक की बरोबर, हे वेलांटीसाहेबांनी वेलांटीसाहेबांना कळवायचं होतं. त्यांनी फाइल पिशवीत घातली आणि घरी नेली, जे नियमात बसत नव्हतं.

घरी सासूबाई तीन क्रमांक लावून बसल्या होत्या. एक माणूस गुलाबाची छाटणी कशी करावी ते सांगत होता, कोपऱ्यात दुसरा तेच खुणांनी सांगत होता. साहेब शेजारी बसले. इतक्या वर्षांत ते तीन पाहायला असे कधी बसले नव्हते, ते त्यावरच्या ओळी तपासत.

“आई, तुम्ही हेच का बघता?”

“का म्हणजे? इथं सगळे येतात,” सासूबाई म्हणाल्या. “बुद्धिबळवाला येतो. ती हिशोब शिकवणारी बाई येते, तिला खोकला आहे बिचारीला. जुनी नाटकं लागतात. ज्यांना दुसरीकडे कुणी बसू देत नाही ते सगळे इथं. मला बरं वाटतं त्यांच्यात.”

साहेबांनी मग त्यांना सगळं सांगितलं. सहवासपासून बिस्किटापर्यंत. बायकोला सांगताना त्यांनी स्वल्पविराम गाळला होता, इथे गाळला नाही. इत्यादी हा काही नाव ठेवायचा शब्द नव्हे, असंही सांगितलं. ज्यांची नावं लिहायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी तो असतो. हे बोलून झाल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली.

सासूबाईंनी आवाजाचं बटण खाली केलं.

“जावईबापू, मी सामानाची यादी करते ना, शेवटी इत्यादी लिहिते. कशासाठी? माझ्याकडून काही सुटलं असेल तर ते राहून जाऊ नये म्हणून. गाळायचं असतं तर यादी तिथंच संपवली नसती का?”

एवढं बोलून त्यांनी आवाज पुन्हा वाढवला, कारण छाटलेल्या फांदीचं काय करायचं ते आता सांगणार होते.

एकतीस वर्षं ज्या शब्दाने साहेबांना डिवचलं होतं त्याच्याकडे त्यांनी या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि थोडं रडूही आलं. ते त्यांनी गुलाबाच्या माणसावर ढकललं. मग जेवणाच्या टेबलावर फाइल उघडून त्यांनी स्वतःला ‘महोदय’ असं संबोधून मत लिहिलं : ‘टिपण काळजीपूर्वक तपासले. स्वल्पविराम योग्य ठिकाणी आहे.’ नोकरीत त्यांनी जाणूनबुजून लिहिलेलं हे पहिलं खोटं, आणि त्यात एकही चूक नव्हती.

नाव पहिल्या तारखेपासून झळकायचं होतं. चार दिवस आधी चाचणी झाली आणि पडद्यावर आलं ‘इत्यादा’. मुख्य अभियंता फोन संपवून परत आले होते तेव्हा सभा आटोपली होती, त्यामुळे वेलांटी त्यांच्या नजरेतून निसटली होती. आता ते म्हणाले, दी ऱ्हस्व करून पाहा, जुन्या पुस्तकांत इत्यादि असं असतं. पाहिलं. ऱ्हस्वाचीही वेलांटी उडाली आणि द च्या आधी नुसता एक काना उभा राहिला. उपसंचालकांनी सुचवलं की इत्यादा वाईट दिसत नाही, लोकांना सवय होईल.

“वेलांटी राहील,” वेलांटीसाहेब म्हणाले.

त्यांचा असा आवाज त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता, श्रद्धांजलीच्या दिवशी होते ते सोडून. मग साहेबांनी अभियंत्यांना विचारलं की ही चौकट बोटभर खाली सरकवता येतच नाही का.

अभियंता म्हणाले, येते की. मागे एक खिट्टी आहे, ती फिरवली की चौकट खाली येते.

मग आजवर का नाही फिरवली, असं बाईंनी विचारलं.

“कुणी अर्ज केला नाही,” अभियंता म्हणाले.

ओंजळ, पालवी, झरोका, मैत्री आणि गोष्ट ही पाचही नावं त्या क्षणी साहेबांच्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेली. पलंगाखालची पाच फुटी पाटीही गेली. त्यांनी खिशातून कागद काढून उभ्याउभ्या अर्ज लिहिला, बाईंनी मंजूर केला आणि अभियंत्यांनी यंत्रामागे हात घालून खिट्टी फिरवली. दीवर वेलांटी आली. पूर्ण, गोल, कुठेही न तुटलेली.

पहिल्या तारखेला सकाळी अकराला छोटा समारंभ झाला. निवेदिकेच्या आवाजात ‘आपण पाहत आहात, इत्यादी’ असं वाक्य गेलं आणि त्यापाठोपाठ हिशोब शिकवणारी बाई खोकली. घरून बायकोचा फोन आला की सगळा जिना आपल्याकडेच बसलाय, दंतवैद्य म्हणतात उच्चाराला सोपं आहे आणि भूमापकांनी तीन अक्षरं मोजली, विषम आहेत. सासूबाई काय म्हणतात, असं साहेबांनी विचारलं. बायको म्हणाली, आई म्हणते मधे बोलू नका, ऐकू येत नाही.

दुपारी समारंभाचं इतिवृत्त नेहमीप्रमाणे तपासायला आलं. कारकून नवा होता आणि त्याने कॅलेंडरच्या मागचं परिपत्रक वाचलेलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं : ‘उपस्थित : संचालक, उपसंचालक, मुख्य अभियंता, विधी अधिकारी, इत्यादी.’

वेलांटीसाहेबांनी सवयीने लाल पेनाचं टोपण काढलं आणि टोक स्वल्पविरामावर नेलं. पलीकडे झेरॉक्स मशीन चालू होतं. त्यांनी टोपण पुन्हा लावलं, स्वल्पविराम होता तसा ठेवला आणि खाली सही केली.